नाचणाऱ्यांच्या आठवणी कशा टिपाव्यात : एका लाइटवाल्याची पद्धत

मी नाचत नाही. नाचणाऱ्यांवर लाइट टाकतो. मुंबईतल्या जुन्या बॅले ट्रुप्सपासून आत्ताच्या कंटेम्पररीवाल्या पोरांपर्यंत बऱ्याच जणांचे प्रयोग केले, आणि त्या सगळ्यांच्या क्यू शीट्स, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा किती लावायचा ते लिहिलेले कागद, माझ्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर पडून आहेत. बायको दर दिवाळीला विचारते, टाकू का आता? त्यातल्या एका शीटवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'क्यू १४. ती बसते. निळा ४०. बाकी शून्य.' कोण बसते, धपकन बसते की सावकाश, पाठ प्रेक्षकांकडे की तोंड, यातलं काही नाही. लाइटचा हिशेब राहिला आणि नाच गेला.

नाच लिहून ठेवायची सोय जगात नाही असं नाही. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली त्यासाठी चिन्हलिपी प्रसिद्ध केली. पण आपल्याकडे तालमीच्या हॉलमध्ये ती कोणी वापरताना मी पाहिलेलं नाही. व्हिडिओ असतो म्हणाल, तर ऐंशीच्या दशकातला व्हिडिओ म्हणजे हॉलच्या शेवटच्या रांगेतून घेतलेला, त्यात पांढरे ठिपके इकडून तिकडे पळताना दिसतात. आणि ज्यांच्या कॅसेट्स होत्या त्यांच्यातल्या तळमजल्यावाल्यांना २६ जुलै २००५ ने गाठलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवसाबद्दल बोलतोय. कलिन्याच्या एका घरात मी व्हीएचएसचा चिखल झालेला पाहिलाय.

मग उरतात ती माणसं. त्यांच्याकडून काढून कसं घ्यायचं, ते सांगतो. यासाठी संशोधक असायची गरज नाही. नात, विद्यार्थी, शेजारी, कोणीही करू शकतं. एक फोन, एक वही आणि भरपूर सवड लागते.

आधी कोणाकडे जायचं

आपलं पहिलं मन मोठ्या नावाकडे धावतं. माझं म्हणणं, मोठं नाव शेवटी ठेवा. ज्यांनी पन्नास मुलाखती दिल्यात त्यांच्या आठवणी घासून गुळगुळीत झालेल्या असतात. तेच तीन किस्से, तीच विरामाची जागा. तुम्ही विचाराल आणि ते कॅसेट लावल्यासारखे सुरू होतील. (अपवाद असतात. पण अपवादावर योजना आखू नये.)

आधी जा मागच्या रांगेतल्यांकडे. ब्रोशरमध्ये ज्यांची नावं 'आणि सहकारी' या दोन शब्दांत संपवलेली असतात त्यांच्याकडे. त्यांना कोणी कधी काही विचारलेलं नसतं, त्यामुळे सांगताना त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटत असतं. जेरोम बेल या फ्रेंच नृत्यदिग्दर्शकाने २००४ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी अख्खा प्रयोगच यावर उभा केला. वेरोनीक द्वानो ही तिथली निवृत्तीला आलेली समूहनर्तकी. ती एकटी रंगमंचावर येते, पगार किती मिळतो ते सांगते, आणि 'स्वान लेक' या बॅलेमध्ये समूहातल्या बायकांना मुख्य जोडी नाचत असताना मागे किती वेळ पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं ते करून दाखवते. नुसतं उभं राहून. सुंदर म्हणून ज्याची जगभर वाहवा होते त्या दृश्यात उभं राहणाऱ्या बाईला किंचाळावंसं वाटत असतं, हे तिच्या तोंडून कळतं. समीक्षेच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

मागच्या रांगेनंतर पेटीवाला, तबलजी, कपडेपटवाले, मेकअपमन. आणि हो, लाइटवाले. आम्ही रोज तोच प्रयोग समोरून बघतो, आणि नर्तकाला स्वतःचा नाच समोरून कधीच दिसत नाही.

वयाने सगळ्यात मोठा जो असेल त्याला पहिला फोन करा. पुढच्या महिन्यात करू म्हणू नका. अल्मोड्याचंच बघा. नर्तक उदय शंकर यांनी १९३९ मध्ये हिमालयातल्या त्या गावी नृत्यकेंद्र काढलं. कथकलीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीला अमोबी सिंग, संगीताला अल्लाउद्दीन खाँ असे एकाच डोंगरावर. चार-पाच वर्षांत ते बंद झालं. तिथली सकाळ कशी सुरू व्हायची, नुसतं चालायला कसं शिकवायचे, हे आपल्याला कळतं ते तिथे राहिलेल्यांनी सांगितलं म्हणून. झोहरा सेहगल २०१४ मध्ये गेल्या, अमला शंकर २०२० मध्ये. तिथे मोठ्या पांढऱ्या पडद्यावर सावल्यांची रामलीला करायचे. तो दिवा कुठला होता आणि पडद्यापासून किती फुटांवर ठेवायचे, हे मला विचारायचं होतं. जन्मलो उशिरा.

जाण्याआधीचा गृहपाठ

एक फूलस्केप कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे नाचाच्या जगातली सालं, उजवीकडे शहरातली. माणसाला साल आठवत नाही, पण 'संपाच्या वेळी', 'टीव्ही नवीन आला होता तेव्हा' हे पक्कं आठवतं. मुंबईपुरता माझा कागद साधारण असा आहे. डावीकडे : १९४४, इप्टा या डाव्या कलावंतांच्या संघटनेचं सेंट्रल स्क्वॉड अंधेरीत, नाच बसवणारे शांती बर्धन. १९५२, त्यांचंच लिटल बॅले ट्रुप. माणसांनी कठपुतळ्यांसारखं नाचायचं असं ते रामायण, आणि १९५४ मध्ये बर्धन यांचा मृत्यू. पुढे ट्रुप गुल बर्धन यांनी चालवलं आणि ते आधी ग्वाल्हेरला, मग भोपाळला गेलं. १९६४, अमेरिकेहून नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमची कंपनी मुंबईत. १९८४, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर, म्हणजे इकडच्या आणि पश्चिमेकडच्या नर्तकांची भेट. १९८५, नृत्यदिग्दर्शक चंद्रलेखांचं 'अंगिका'. उजवीकडे : १९७२, मुंबई दूरदर्शन. १९७५, आणीबाणी. १९८२, गिरणी संप. १९९२-९३, दंगली. २००५, पूर.

हा कागद समोरच्याला दाखवायचा नाही. आपल्या मांडीवर ठेवायचा. ताई म्हणाल्या, 'तो प्रयोग झाला तेव्हा रात्री लोकल बंद होत्या,' की तुमची नजर उजवीकडे जाते आणि तुम्ही पुढचा प्रश्न बरोबर विचारता.

१९६४ च्या त्या कनिंगहॅम दौऱ्यात लाइट आणि नेपथ्य बघायला कोण होतं माहीत आहे? रॉबर्ट राउशेनबर्ग. त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेमध्ये चित्रकलेचं मोठं बक्षीस मिळवलेला माणूस, आणि तो नर्तकांवर दिवे मारत मुंबई, अहमदाबाद, दिल्ली, चंडीगड फिरला. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या कोणी तो प्रयोग कॉलेजात असताना प्रेक्षकांत बसून पाहिला असेल, तर ती आठवणही टिपा. नाचणाऱ्याने काय पाहिलं, हा त्याच्या नाचाचा अर्धा इतिहास असतो.

चंद्रलेखांबद्दल विचारणार असाल तर त्यांचा जन्म आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा गावचा, १९२८ चा, एवढं माहीत करून जा. भरतनाट्यम शिकल्या, नाव झालं, मग कितीतरी वर्षं रंगमंचापासून लांब राहिल्या. १९८४ च्या त्या एनसीपीएमधल्या भेटीने त्या पुन्हा रंगमंचावर आल्या आणि पुढच्या वर्षी 'अंगिका'मध्ये भरतनाट्यमच्या शेजारी कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणून ठेवला. एवढं डोक्यात असलं की 'तेव्हा काय नवीन होतं हो?' असा पोकळ प्रश्न तुमच्या तोंडून जात नाही. त्याऐवजी तुम्ही विचारता, 'कळरीवाले आणि भरतनाट्यमवाले एकाच तालमीत यायचे तेव्हा वॉर्मअप कोणाचा चालायचा?'

खोली, पंखा, फोन

इथे फार बोलत नाही. फोन एअरप्लेन मोडवर. आवाज डब्ल्यूएव्ही प्रकारच्या फाइलमध्ये घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मिळत असेल तर उत्तम. पाचेकशे रुपयांचा कॉलर माइक फोनच्या माइकपेक्षा बरा. पंखा बंद करायला सांगा, पण वय बघून. मे महिन्यात ऐंशीच्या बाईंना घामाने भिजवून इतिहास मिळवू नये. मग पंखा एकवर आणि माइक जवळ. कुकरची शिट्टी होणारच, होऊ दे. खिडकीकडे पाठ करून बसवू नका, चेहरा काळा येतो. खिडकी त्यांच्या समोर किंवा बाजूला हवी. फोन आडवा धरायचा, उभा नाही.

दोन फोन असतील तर दुसरा स्टँडवर लावून पूर्ण खोलीवर ठेवा. का, ते पुढे येईल.

काय विचारायचं

'तुमच्या नृत्यप्रवासाबद्दल सांगा' हे विचारू नका. या प्रश्नाला सत्कार समारंभातलं भाषणच मिळतं.

जमिनीपासून सुरू करा. अक्षरशः. तालीम कुठे व्हायची, आणि खाली काय होतं? शहाबादी फरशी, मोझेक, लाकूड, की महापालिकेच्या शाळेच्या हॉलातलं सिमेंट? यावर माणूस लगेच बोलतो, कारण उत्तर गुडघ्यात असतं. सिमेंटवर उड्या मारून घेतलेल्या बॅलेच्या मुली तिशीत क्रेप बँडेज बांधून नाचत होत्या. पुढे त्यांच्यातल्या काहींनी स्वतः बसवलेल्या नाचांत उड्या कमी आणि जमिनीवर लोळणं जास्त आलं, त्याला समीक्षकांनी 'गुरुत्वाकर्षणाशी संवाद' वगैरे म्हटलं. त्यातलं किती विचारातून आलं आणि किती गुडघ्यातून, हे त्यांनाच विचारायला हवं. एकीने मला हसत उत्तर दिलं, 'साठ-चाळीस. साठ गुडघा.'

मग पैसे. नाइट किती मिळायची? वेळेवर मिळायची का? तालमीचे मिळायचे का? (नाही मिळायचे. तरी विचारा.) दौऱ्यावर कोणत्या डब्यातून जायचात, जेवण कोण करायचं, मुलींना एका खोलीत किती जणी ठेवायचे. कपडे कोण धुवायचं. पाळी आली असेल तर पांढऱ्या कपड्यांतल्या प्रयोगाचं काय करायचात. हा शेवटचा प्रश्न मी पुरुष म्हणून विचारायला बिचकतो, म्हणून सोबत माझी भाची येते आणि ती सहज विचारते. तुम्हीही तशी सोय करा, कारण यावर मिळणारी उत्तरं मी कुठेच छापलेली पाहिली नाहीत.

घरी काय सांगून बाहेर पडायचात? सासरी कळलं तेव्हा काय झालं? नाच सोडला तो दिवस आठवतो का? हे तिन्ही तासाभरानंतर. सुरुवातीला विचारलं तर दार बंद होतं.

गप्प बसायला शिका. ते थांबले की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, तसं करू नका. पुष्कळदा दुसरं वाक्य त्या थांबण्यानंतर येतं, आणि तेच खरं हवं असतं.

उभं करा

माझ्या पद्धतीतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. नाचणाऱ्याची आठवण बसून पूर्ण येत नाही.

दादरला हिंदू कॉलनीत एक बाई आहेत, एका बॅले ट्रुपमध्ये समूहात होत्या. पहिला तासभर त्यांनी मला तेच सांगितलं जे वर्तमानपत्राच्या पिवळ्या कात्रणात होतं. 'अरे, आता काही आठवत नाही रे, किती वर्षं झाली.' मी आमच्या धंद्यातला प्रश्न विचारला, 'ताई, एन्ट्री कुठल्या विंगेतून होती?' त्यांनी बसल्या बसल्या हात केला. म्हटलं, 'ही डावी तुमची की प्रेक्षकांची?' त्या विचारात पडल्या, मग उठल्या. सुनेने टीपॉय सरकवला. खुर्चीची पाठ धरून त्यांनी मार्क करायला, म्हणजे ताकद न लावता नाच नुसता दाखवायला, सुरुवात केली. तोंडाने 'पाच, सहा, सात' आणि आठवर गर्रकन मान फिरली. पाय मागून आले. मान इतकी आधी की माझ्याही लक्षात आलं.

म्हटलं, 'मान आधी का जाते?'

त्या थांबल्या. पुन्हा केलं, पुन्हा मान आधी. मग हसायला लागल्या. 'तिथे साइडचा लाइट थेट डोळ्यांत यायचा. तुझ्यासारखाच कोणीतरी गधडा. मी चुकवायला मान वळवायचे. आमच्या सरांनी बघितलं, म्हणाले, हे छान दिसतंय, सगळ्यांनी करा.'

बारा मुली मान फिरवायला लागल्या. पुढे त्या सरांच्या दुसऱ्या नाचातही ती मान आली, आणि त्यांच्या शिष्यांच्या नाचात मी स्वतः पाहिली आहे. तिचा उगम एका चुकीच्या जागी लावलेल्या दिव्यात आहे, हे जगात फक्त त्या बाईंना माहीत होतं, आणि उभं राहीपर्यंत त्यांनाही आठवत नव्हतं.

म्हणून :

दुसरा फोन खोलीवर लावलेला असतो तो यासाठी. फ्रेममध्ये पाय आलेच पाहिजेत. चेहरा बारीक आला तरी चालेल. कमरेच्या उंचीवरून घ्या, मागे शक्यतो रिकामी भिंत.

'नाचून दाखवा' म्हणू नका. 'मार्क करून दाखवा' म्हणा. नर्तक तालमीत ताकद वाचवायला नुसत्या हातांनी नाच करतात, बोटं पायांचं काम करतात. नव्वदीतली माणसंही पलंगावर बसून हातांनी मार्क करू शकतात, आणि ते अत्यंत बारकाव्याचं असतं. पूर्ण उभं राहून करायचं असेल तर जवळ घरचं माणूस हवं, चप्पल काढलेली हवी, सतरंजी गुंडाळलेली हवी. उत्साहात येऊन उडी मारायला निघालेल्या आजोबांना मी दोन्ही हातांनी धरलेलं आहे.

संगीत लगेच लावू नका. आधी शांततेत करू द्या. शांततेत शरीर स्वतःची मोजणी शोधतं. कोणी आकडे मोजतं, कोणी तोंडाने बोल म्हणतं, कोणी शेजारणीचा श्वास ऐकून उठायचं. यावरून कोण कथकमधून आलंय, कोण कुठल्याच तालमीशिवाय थेट बॅलेत शिरलंय, ते कळतं. दुसऱ्या फेरीला संगीत लावा. बहुतेक वेळा काहीतरी बदलतं. काय बदललं ते लगेच विचारा.

एकाच ट्रुपमधल्या दोघी मैत्रिणी एकत्र आल्या तर सोन्याहून पिवळं. एक चुकते, दुसरी तिचं कोपर धरून वर करते, 'अगं इतकं नाही, इतकं.' ते कोपर वर करणं तुमच्या व्हिडिओत आलं की झालं काम. जर्मनीत वुपर्टालला नृत्यदिग्दर्शक पिना बाउश यांच्या कंपनीने हे फार मोठ्या प्रमाणावर केलं. बाउश यांचं १९७८ चं 'कोन्टाक्टहोफ' २०२४ मध्ये मूळ संचातल्या काही नर्तकांना घेऊन मेरिल टँकर्ड यांनी पुन्हा उभं केलं. रंगमंचावर आजची म्हातारी माणसं आणि सोबत त्यांचंच १९७८ मधलं चित्रीकरण. जे नाहीत त्यांच्या जागा त्यात दिसतात. आपल्याकडे कंपन्यांना तेवढा पैसा नाही, पण दिवाणखान्यात दोन मैत्रिणी जमवायला पैसा लागत नाही.

फोटो

जुना समूहाचा फोटो मिळाला तर फोनने काढून घ्या, ए-फोर कागदावर छापा, प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि आकड्यांसमोर नावं लिहून घ्या. नाव नाही आठवलं तर 'परळची', 'तिचा भाऊ बेस्टमध्ये होता' असं जे काही मिळेल ते. फोटोच्या पाठीमागचंही चित्र घ्या, स्टुडिओचा शिक्का असतो. मूळ फोटो अल्बममधून ओढून काढू नका.

जुनी व्हिडिओ कॅसेट निघाली तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालून बघायचा मोह आवरा. आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागलेली असते, एकदा व्हीसीआरच्या हेडवर घासली की गेली. आधी जाणकाराकडून साफ करून मगच डिजिटल करून घ्या.

दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा

आनंद माना. एक खरा आणि एक खोटा असं लगेच ठरवू नका.

एका प्रयोगाच्या शेवटाबद्दल दोघींनी मला अगदी छातीवर हात ठेवून सांगितलं. एक म्हणाली, खटकन ब्लॅकआउट. दुसरी म्हणाली, छे, लाइट हळूहळू उतरायचे, मला श्वास रोखून बसावं लागायचं. मी घरी येऊन माळ्यावर चढलो. शीटवर होतं : 'स्पॉट कट. मग वॉश १२ सेकंदांत खाली.' (स्पॉट म्हणजे एकीवरचा झोत, वॉश म्हणजे रंगमंचभर पसरलेला उजेड.) पहिली स्पॉटमध्ये होती, तिच्यासाठी खरोखरच एका क्षणात अंधार झाला. दुसरी मागच्या रांगेत वॉशमध्ये बसून बारा सेकंद श्वास रोखून होती. दोघींचं खरं. दोन्ही लिहून ठेवा, आणि कोण कुठे उभी होती तेही लिहा.

कागदावरून पडताळा घ्यायला ब्रोशर, तिकिटाचे अर्धुक, रेल्वे कन्सेशनचे फॉर्म, नाट्यगृहाची बुकिंगची पावती हे सगळं उपयोगी. वर्तमानपत्राच्या जाहिरातीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जाहिरात आधी दिली जाते आणि प्रयोग रद्द होतो. तारीख, जागा, माणसांची नावं यांचा पडताळा जरूर घ्यावा. कसं वाटलं, कोण कसं वागलं, याचा पडताळा होत नसतो. ते सांगणाऱ्याचं म्हणून, त्याच्या नावावर ठेवायचं.

संमती आणि नाजूक जागा

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मराठीत एक साधं पान भरून घ्या. तीन चौकटी : आत्ता कोणीही ऐकू शकेल; मी गेल्यावर; अमुक वर्षांनंतर. शेवटी एक ओळ, 'हा भाग कोणालाच नको' आणि पुढे मिनिटं लिहायला जागा. मुलाखत संपल्यावर तेच पान पुन्हा दाखवा, कारण बोलण्याच्या ओघात काय काय निघून गेलंय ते त्यांना नंतर जाणवतं.

निघतंच. नाचाच्या क्लासमध्ये हात कुठे कुठे लागले, कोणी कोणाला दौऱ्यावरून परत पाठवलं, कोणाचं बसवलेलं कोणी स्वतःच्या नावावर खपवलं. अशा वेळी फोन बंद करू का, असं विचारा. बंद करा म्हणाले तर खरोखर बंद करा आणि बंद झालेला दाखवा. ऐकलेलं चहाच्या टपरीवर सांगू नका. आमचं क्षेत्र एवढंसं आहे, संध्याकाळपर्यंत ठाण्याहून चर्चगेटला पोहोचतं.

कायद्याचं थोडक्यात : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीत धरलेली आहे, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे नोंदलेली असली तर. म्हणजे तुमचा तो दिवाणखान्यातला व्हिडिओ उद्या कोणाची रचना कोणाची हे सांगायला उभा राहू शकतो. म्हणून व्हिडिओच्या सुरुवातीला त्यांच्याच तोंडून तारीख, नाचाचं नाव आणि तो कोणी बसवला हे वदवून घ्या.

उतरवणं आणि ठेवणं

ऐकून उतरवायचं काम कंटाळवाणं आहे. तासाच्या बोलण्याला दिवस जातो. मोबाइल आपोआप टाइप करून देतो, पण त्याला नावं आणि बोल कळत नाहीत. 'तत् तत् थै' चं त्याने माझ्याकडे काय काय केलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांची बोली पुस्तकी करू नका. 'आम्ही गेलेलो' चं 'आम्ही गेलो होतो' करायचं नाही. हातवारे चौकटी कंसात लिहा : [उजवा हात खांद्याच्या वर, तळवा बाहेर, मान आधी]. 'असं केलं', 'मग असं' ही वाक्यं कागदावर निरर्थक असतात, म्हणून तिथे व्हिडिओचं मिनिट घाला.

फायलींना साल-नाव-भाग असं नाव द्या. 'न्यू रेकॉर्डिंग १७' मधून पाच वर्षांनी तुम्हालाच काही सापडणार नाही. प्रती तीन : एक हार्ड डिस्क तुमच्याकडे, एक दुसऱ्याच्या घरी, एक क्लाउडवर. पेनड्राइव्ह ही प्रत नव्हे, ती देवाणघेवाणीची वस्तू. एक संच त्या कुटुंबाला द्या, आणि नुसता पेनड्राइव्ह टेकवून येऊ नका, नातवाच्या लॅपटॉपवर लावून चालतंय ते बघा. संस्थेकडे द्यायचं असेल तर आधी चौकशी करा की ऐकायला मिळतं का, की कपाटात जातं. न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीत नर्तकांच्या मौखिक इतिहासाचा विभाग १९७४ पासून चालू आहे. आपल्याकडे दिल्लीला संगीत नाटक अकादमीचा मोठा संग्रह आहे. गावोगावच्या बॅले ट्रुप्सच्या मागच्या रांगेचं मात्र जे काही होईल ते तुम्ही-आम्हीच.

उतरवलेलं छापून, मोठ्या अक्षरात, त्यांना वाचायला नेऊन द्या. आठवड्याने फोन येतो, 'अरे, पान चारवर मी विजयवाडा म्हटलंय, ते वरंगळ होतं.' दुरुस्ती करा, पण मूळ वाक्य खोडू नका, शेजारी लिहा.

निघताना शेवटचा प्रश्न : आता मी कोणाला भेटू? त्या आतून जुनी डायरी आणतील. त्यात मुंबईचे सात आकडी लँडलाइन नंबर असतील. पुढे २ लावून बघा. दहातले आठ बंद असतात. दोन लागतात.